सुशीच्या दुकानात ‘मी व्हेज आहे’ एवढं पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : जपानमधल्या स्वस्त सुशीच्या दुकानात सहकाऱ्याबरोबर जेवताना

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी जपानला निघालेल्या मुलामुलींना सल्ले पुष्कळ मिळतात. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या, चपला दारात काढा, ट्रेनमध्ये फोनवर बोलू नका. पण ऑफिसात रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत शेजारी बसणारा सहकारी विचारतो, ‘दुपारी सुशी खायला जाऊ या?’ तेव्हा काय करावं, हे कोणी सांगून पाठवलेलं नसतं. शाकाहारी मंडळी काहीतरी निमित्त काढून टाळतात. मासे खाणारे ‘कच्चं कसं उतरणार घशाखाली’ म्हणून टाळतात. दोन-तीनदा नकार आला की जपानी माणूस पुन्हा विचारत नाही. त्यात राग नसतो. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो थांबतो. नव्या ऑफिसात माणसं जोडायची ही सहज मिळालेली वाट अशी बंद होते आणि त्याचं फार वाईट वाटतं, कारण हे जेवण टाळण्याचं काहीच कारण नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरचं कोणी ना कोणी आज टोकियोच्या निशिकासाई भागात किंवा नागोयाजवळच्या कारखान्यांत असेल. त्यांच्यासाठी ही माहिती छापावी, ही विनंती.

सुशी म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताच्या गोळ्यावर किंवा गुंडाळीत मासा, अंडं, भाजी असं काही. मी लिहितो आहे ते काइतेन-झुशीबद्दल, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर प्लेटा येतात त्या दुकानांबद्दल. आचाऱ्यासमोर बसून तो देईल ते खायचं, अशी महागडी सुशी वेगळी; तिथे पहिल्याच वेळी जाऊ नये. पट्ट्याची कल्पना ओसाकाच्या योशिआकी शिराइशी यांची. बिअरच्या कारखान्यात बाटल्या पट्ट्यावरून सरकताना पाहून त्यांना ती सुचली आणि १९५८ साली आजच्या हिगाशी-ओसाकामध्ये त्यांनी ‘गेन्रोकु’ नावाचं पहिलं दुकान उघडलं. १९७०च्या ओसाका प्रदर्शनात ते देशभर गाजलं. त्यांच्या यंत्रावरच्या हक्काच्या नोंदणीची मुदत १९७८मध्ये संपली आणि मग इतर कंपन्यांच्या दुकानांच्या साखळ्या झपाट्याने वाढल्या. सुशिरो, कुरा सुशी, हामा सुशी, काप्पा सुशी ही आजची मोठी नावं. भाताचे गोळे वळणारं यंत्र सुझुमो कंपनीने १९८१मध्ये आणलं. कुशल आचाऱ्याचा पगार वाचतो तो त्या यंत्रामुळे, आणि सुशी स्वस्त होण्यामागे पट्ट्याइतकाच त्याचाही वाटा आहे.

किंमत अशी. सुशिरोची सर्वांत स्वस्त प्लेट पूर्वी करासकट ११० येनना होती, ऑक्टोबर २०२२पासून ती १२० येन झाली. शहराच्या मध्यवर्ती भागातल्या शाखांत याहून जास्त पडतात. एका प्लेटमध्ये सहसा दोन तुकडे असतात, महाग माशाच्या प्लेटमध्ये एकच. साधारण भुकेच्या माणसाला आठ ते दहा प्लेटा पुरतात. एखादी महाग प्लेट आणि एखादा गरम पदार्थ धरला तरी एकाचं पोट १२०० ते २००० येनमध्ये भरतं. बऱ्याच दुकानांत प्लेटचा रंग म्हणजे तिची किंमत; रंगांचा तक्ता टेबलाजवळ लावलेला असतो.

दुकानात शिरताच दाराशी एक यंत्र असतं. त्यावर माणसं किती आणि टेबल हवं की काउंटर हे दाबलं की नंबराची चिठ्ठी निघते. हा नंबर जपानीत पुकारतात, पण पडद्यावरही दिसतो, तेव्हा डोळा पडद्यावर ठेवावा. दुपारी बारा ते एक आणि शनिवार-रविवारच्या संध्याकाळी रांग मोठी असते. सहकाऱ्याला साखळीच्या ॲपवरून आधी वेळ घ्यायला सांगितलं तर जेवणाची सुट्टी रांगेत जात नाही. दोघंच असाल तरी टेबल मागावं. काउंटरवर शेजारी-शेजारी बसून बोलणं होत नाही.

पट्ट्याकडच्या बाजूला बसणाऱ्यावर थोडं काम येतं. प्लेटा उचलणं, ऑर्डरच्या पॅनेलवर बोटं चालवणं, चहा करणं हे त्याच्याकडे. पॅनेलवर भाषा बदलायचं बटण असतं आणि इंग्रजी मिळतं. कपात हिरव्या चहाची पूड घालायची, एक लहान चमचा पुरे. दोन घातले तर चहा कडू होतो. मग टेबलावरच्या नळाखाली कप धरून कपाच्याच कडेने नळामागचं बटण दाबायचं. या नळातून जवळजवळ उकळतं पाणी येतं. तो हात धुवायचा नळ समजून नवखी माणसं हात भाजून घेतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. हात पुसायला ओला रुमाल मिळतो.

पूर्वी पट्ट्यावरून येईल ते उचलायची पद्धत होती. जानेवारी २०२३मध्ये गिफूच्या एका शाखेत एका मुलाने सोयासॉसची बाटली आणि कप चाटतानाचा व्हिडिओ पसरला आणि त्यानंतर बऱ्याच साखळ्यांनी मोकळ्या फिरणाऱ्या प्लेटा बंद केल्या किंवा फार कमी केल्या. आता बहुतेक ठिकाणी पॅनेलवर मागवाल तेच तुमच्यासमोर येऊन थांबतं. शाकाहारी माणसाला हा बदल सोयीचाच आहे, कारण हवं तेवढंच आणि नाव वाचून मागवता येतं. दुसऱ्या टेबलाकडे चाललेल्या प्लेटेला हात लावायचा नाही आणि एकदा उचललेली प्लेट परत पट्ट्यावर ठेवायची नाही, हे दोन नियम मात्र अगदी पक्के. कुरा सुशीत प्लेटांवर पारदर्शक झाकण असतं. त्याला हात न लावता प्लेटची पुढची कड वर उचलली की ते आपोआप उघडतं.

आता मूळ मुद्दा. पुण्या-मुंबईतल्या जपानी रेस्टॉरंटांत शाकाहारी सुशीचं वेगळं पान असतं. ॲव्होकॅडो, क्रीम चीज, तळलेली भाजी असं बरंच त्यावर सापडतं, आणि त्यामुळे सुशीत शाकाहाराला भरपूर वाव आहे असा समज होतो. जपानमध्ये तसं नाही. तिथे भाजीची सुशी ही माशांच्या मधे तोंड स्वच्छ करायला खायची गोष्ट आहे. शाकाहारी माणसाला त्यावर पोट भरता येतं, पण काय वगळायचं हे नेमकं माहीत असलं तरच.

अडचण माशाच्या तुकड्याची नाही, तो दिसतो. अडचण दाशीची आहे. कात्सुओ हा कुप्याच्या कुळातला मासा उकडून, धुरावर वाळवून, लाकडासारखा कडक करतात. त्याचा पातळ कीस गरम पाण्यात टाकून काढलेला अर्क म्हणजे दाशी. आपल्या फोडणीत हिंग असतो तशी ती जपानी स्वयंपाकात असते. नजरेला पडत नाही आणि जवळपास सगळीकडे असते. मिसो सूपमध्ये दाशी. उदोन या जाड शेवयांच्या रश्शात दाशी. अंड्याच्या गोडसर वडीत, म्हणजे तामागोत, दाशी. चावानमुशी या वाफवलेल्या अंड्यात दाशी आणि वर बहुधा कोळंबी किंवा कोंबडीचा तुकडा. इनारी ही तळलेल्या टोफूची पिशवी दिसायला पूर्ण निर्दोष, पण ती साखर, सोयासॉस आणि दाशीत शिजवलेली असते. टेबलावर सोयासॉसच्या दोन-तीन बाटल्या असतील तर त्यांतल्या एखाद्या बाटलीतही दाशी असते. साधा सोयासॉस कोणता, हे सहकाऱ्याला विचारून घ्यावं.

साखळ्यांच्या संकेतस्थळांवर ॲलर्जीचे तक्ते असतात आणि अनेक जण त्यावर विसंबतात. शाकाहारासाठी ते अपुरे आहेत. जपानच्या अन्न-लेबलांच्या नियमांत कोळंबी, खेकडा, अंडं, दूध, गहू, शेंगदाणे यांचा उल्लेख सक्तीचा आहे; सामन आणि साबा हे मासे शिफारशीच्या यादीत आहेत; कात्सुओ कुठल्याच यादीत नाही. तक्त्याची ओळ पूर्ण कोरी दिसली तरी त्या पदार्थात कात्सुओची दाशी असू शकते. ‘तक्त्यात मासा नाही, म्हणजे चालेल’ हा हिशेब म्हणून चुकतो.

मग खायचं काय? काप्पा-माकी, म्हणजे काकडीची गुंडाळी, सर्वांत निर्धोक. त्यात भात, नोरीचं समुद्री पान आणि काकडी. भातात व्हिनेगर, साखर, मीठ असतं. साखळ्या तयार मिश्रण वापरतात आणि त्यात काही वेळा कोंबू या समुद्री वनस्पतीचा अर्क असतो, तो शाकाहारीच. फार काटेकोर पाळणाऱ्यांनी त्या मिश्रणातले इतर घटकही विचारावेत. ताकुआन म्हणजे पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याची गुंडाळी आणि उमे म्हणजे आंबट-खारट फळाची गुंडाळी बहुधा चालते, पण या लोणच्यांतही कधीकधी चवीला कात्सुओ घालतात, तेव्हा विचारून घ्यावं. वांग्याची सुशी काही साखळ्यांत असते आणि ती चवीला फार छान लागते. ॲव्होकॅडो असेल तर तोही घ्यावा, वर मेयोनेज नको असेल तर तसं सांगून. मक्याच्या दाण्यांची सुशी मुलांची आवडती. तिच्यात मेयोनेज म्हणजे अंडं आलंच. उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, म्हणजे एदामामे, फक्त मिठाच्या. पहिल्यांदा त्याच मागवाव्यात, भुकेचा जोर ओसरतो. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. त्याचा वास आणि तार सगळ्यांना सोसत नाही, शिवाय त्यावरच्या सॉसमध्ये बहुतेक वेळा दाशी असते.

कान्प्योबद्दल थोडं जास्त सांगतो. ही तपकिरी, गोडसर पट्ट्यांची गुंडाळी. ज्या फळाच्या या पट्ट्या वाळवतात ते आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीचं, फक्त गोल आणि मोठं. देशातलं जवळजवळ सगळं कान्प्यो तोचिगी प्रांतात होतं. सोयासॉस-साखरेत शिजवताना काही ठिकाणी दाशी घालतात, काही ठिकाणी घालत नाहीत, म्हणून इथेही एक प्रश्न विचारावा लागतो. पण दाशी नसेल तर आपल्या जिभेला सर्वांत लवकर रुचणारी ही सुशी आहे, आणि दुधी म्हटलं की सहकाऱ्याशी बोलायला विषयही मिळतो.

बटाट्याच्या तळलेल्या फोडी पाहून हायसं वाटतं, पण कढई सामायिक असते. त्याच तेलात कोळंबी, मासे, कोंबडी तळलेली असते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी त्या घेऊ नयेत. पुडिंग आणि जेलीत जिलेटिन असू शकतं. जैन वाचकांसाठी स्पष्ट सांगायला हवं की गारी म्हणजे सुशीबरोबर मिळणारं आल्याचं लोणचं आणि ताकुआन म्हणजे मुळा; ते वगळले की काकडी, ॲव्होकॅडो, वांगं चालत असेल तर वांगं, एदामामे आणि दाशी नसेल तर कान्प्यो, साधारण एवढंच उरतं. तेवढ्यावर सोबत देता येते, पोट भरून जेवण होत नाही. अशा वेळी थोडं खाऊन जावं.

आणि हे सगळं सहकाऱ्याला निघण्याआधी सांगावं, टेबलावर बसल्यावर नाही. ‘बेजितारियन’ हा शब्द जपानीत आहे, पण ऐकणारा त्याचा अर्थ बहुतेक ‘मांस खात नाही’ एवढाच घेतो. मासा आणि दाशी त्याच्या डोक्यात येत नाहीत. ‘निकु’ म्हणजे मांस म्हटलं तरी अनेकांच्या मनात गाय-डुक्कर येतं, हॅम किंवा कोंबडी येतेच असं नाही. म्हणून नावं घेऊन सांगावं : ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन.’ मांस खात नाही, मासा खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही. अंडं चालत असेल तर पुढे ‘तामागो वा दाइजोबु देस’. एवढं आधी कळलं की जपानी सहकारी स्वतःच फोन करून विचारतो, यादी करतो, कोणती शाखा बरी ते पाहतो. तिथेच बसल्यावर कळलं तर त्याला आपण चुकीच्या जागी आणलं असं वाटत राहतं आणि जेवणाचा रस जातो.

दाशीची रेघ कुठे ओढायची हा ज्याचा त्याचा प्रश्न. काही जण माशाचा तुकडा टाळतात आणि दाशी चालवून घेतात. तसं असेल तर तेही स्पष्ट सांगावं. निवड एकदम दुप्पट होते.

मासे खाणाऱ्यांची गोष्ट सोपी आहे. मालवण-रत्नागिरी-गोव्याकडच्या माणसाला माशाची भीती नसते, कच्च्याची असते. सुरुवात शिजवलेल्यापासून करावी. एबी म्हणजे उकडलेली कोळंबी. अनागो आणि उनागी म्हणजे वामसारखे लांबट मासे, शिजवून किंवा भाजून वर गोड सॉस लावलेले. ताको म्हणजे ऑक्टोपस, हाही उकडलेला असतो. मग ‘आबुरी’, म्हणजे वरून ज्योतीने भाजलेला सामन. तो आवडला की साधा सामन, मग मागुरोचा, म्हणजे कुप्याचा लाल भाग, मग हामाची म्हणजे यलोटेल मासा. इका म्हणजे माकूल. कच्चं माकूल चिवट लागतं, ते पहिल्याच दिवशी घेऊ नये. बांगड्याच्या कुळातला साबा मिठात आणि व्हिनेगरमध्ये मुरवून देतात, त्याला शिमे-साबा म्हणतात. कोकणातल्या माणसाला तो हमखास आवडतो, पण तो शेवटी खावा, कारण त्याची चव तोंडात राहते आणि नंतरचा फिका मासा कळत नाही. खेकड्यासारख्या दिसणाऱ्या लाल-पांढऱ्या कांडीत खेकडा नसतो, दुसऱ्या माशाचा लगदा असतो. गाय-डुक्कर न खाणाऱ्यांनी मात्र सावध राहावं : साखळ्यांत भाजलेल्या मांसाची आणि हॅम्बर्गरचीही सुशी असते. ‘ग्यू’ म्हणजे गाय, ‘बुता’ म्हणजे डुक्कर, हे दोन शब्द पाठ असावेत.

कच्च्या माशातला खरा धोका आनिसाकिस या जंताचा. साबा, सामन, माकूल यांत तो असतो. व्हिनेगर, सोयासॉस किंवा वासाबी या झणझणीत हिरव्या चटणीने तो मरत नाही, लोक काहीही म्हणोत. उणे २० अंशांवर २४ तास गोठवलं किंवा ७० अंशांवर तापवलं की मरतो. मोठ्या साखळ्यांतले बरेच मासे गोठवून आलेले असतात; खोल समुद्रातला मागुरो तर जहाजावरच उणे ६० अंशांच्या आसपास गोठवतात. सामन हा बहुधा पाळीव, कोरड्या खाद्यावर वाढवलेला असतो आणि त्यात जंत क्वचितच सापडतो. जपानी लोक पूर्वी सामन सहसा कच्चा खात नसत; १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव सामन इथे खपवायला सुरुवात केल्यावर तो सुशीत आला. ‘ताजा म्हणजे चांगला, गोठवलेला म्हणजे शिळा’ हा आपल्या बाजारातला निकष कच्च्या माशाला लावू नये. जेवल्यानंतर काही तासांत पोटाच्या वरच्या भागात तीव्र कळा आल्या तर दवाखान्यात जाऊन कच्चा मासा खाल्ल्याचं आधी सांगावं. दुर्बिणीने जंत काढला की दुखणं थांबतं.

खाण्याची पद्धत फार अवघड नाही. हाताने खाल्लं तरी चालतं, चॉपस्टिकने खाल्लं तरी चालतं, पण तुकडा एका घासात खायचा. सोयासॉस माशाच्या बाजूला लावायचा. भाताची बाजू बुडवली की गोळा फुटतो आणि वाटीत भात तरंगतो. नोरीच्या कठड्यात वर काही भरलेलं असेल तर आल्याची चकती सोयासॉसमध्ये बुडवून तिने वरून लावावा. बहुतेक मोठ्या साखळ्यांत सुशी वासाबीशिवाय येते आणि पुड्या वेगळ्या मिळतात. पहिल्यांदा अगदी थोडी घ्यावी. चॉपस्टिकने दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये काही देऊ नये. अंत्यसंस्कारात अस्थी अशा देतात, आणि समोरचा माणूस बोलला नाही तरी दचकतो. काही द्यायचंच असेल तर प्लेट पुढे करावी.

पैशांचा गोंधळ टाळायचा तर दोघांनी आपापल्या रिकाम्या प्लेटांच्या चळती वेगळ्या ठेवाव्यात. कुरा सुशीत रिकाम्या प्लेटा टेबलाच्या फटीत टाकतात आणि यंत्र मोजतं, दर पाच प्लेटांना पडद्यावर एक खेळही होतो. तिथे चळत उरत नाही, म्हणून आपापल्या प्लेटा मनात मोजाव्या लागतात. पॅनेलवर मागवलेल्या पदार्थांची यादी दिसते, त्यावरून हिशेब जुळवता येतो. जेवण संपलं की पॅनेलवर बिलाचं बटण दाबायचं. बिल वाटून भरण्याला ‘वारिकान’ म्हणतात आणि बरोबरीच्या सहकाऱ्यांत तीच रीत आहे. टिप ठेवायची नाही. गर्दीच्या वेळी टेबलाला वेळेची मर्यादा असते, तेव्हा गप्पा रंगल्या तर कॉफीला दुसरीकडे जावं.

वरिष्ठ सहकाऱ्याने बिल भरलं तर एकदा ‘मी देतो’ म्हणावं, पुन्हा पुन्हा ओढाताण करू नये. दुकानाबाहेर पडताच त्याला ‘गोचिसोसामा देशिता’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात भेटल्यावर कालच्या जेवणाबद्दल पुन्हा आभार मानायचे. ही दुसरी वेळ आपल्याकडची माणसं विसरतात आणि तिथे ती लक्षात ठेवली जाते.

आपला नम्र,
एक वाचक, टोकियो